नंदुरबारचा साबण, मॉन्ट्रियलच्या पत्त्यावर

नंदुरबार,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय सखे,

परवा तुझा फोन आला तेव्हा शेगडीवर मेण होतं. मी 'नंतर बोलते' म्हणाले आणि तू रुसलीस. अगं, समुद्र ओलांडून गेलीस, मॉन्ट्रियलच्या बर्फात पोरं मोठी केलीस, तरी रुसायची तऱ्हा जीटीपी कॉलेजच्या कट्ट्यावरचीच! मेण आचेवर असताना फोन घ्यायचा नाही, हा या घरातला नियम आहे आणि तो माझ्या माहेरच्या फोनलाही लागू आहे. म्हणून आज पत्र लिहायला बसले. सासूबाई झोपल्यात, हे मुलांना घेऊन दंडपाणेश्वराला गेलेत, घर माझ्या एकटीच्या ताब्यात आहे. आता तुला ऐकावंच लागेल.

फोन ठेवता ठेवता तू काय म्हणालीस आठवतं? "साबण कुठल्याही दुकानात मिळतो गं, आणि मेणबत्त्यांची तर इकडे रांगच्या रांग असते. तू कशाला एवढा जीव काढतेस?" काळजीनं म्हणालीस, कळलं मला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. रात्री वड्यांना कागद गुंडाळताना मी मनातल्या मनात तुझ्याशीच वाद घालत होते. त्या वादात मी जिंकले, हे आधीच सांगून ठेवते. कशी जिंकले ते सावकाश वाच.

आधी तुझ्या आईची खबर. काकू ठणठणीत आहेत, गुडघा सोडला तर. मागच्या महिन्यात त्यांना मोहाच्या तेलाचा साबण नेऊन दिला होता. परवा भाऊबिजेचा फराळ द्यायला गेले तर न्हाणीघरात तोच जुना हिरवा साबण! मी विचारलं, तर काकूंनी मला आत नेलं, कपाट उघडलं, आणि तुझ्या लग्नातल्या शालूच्या घडीतून माझी वडी काढून दाखवली. म्हणाल्या, "इतका छान वास येतो, अंगाला लावून वाया कशाला घालवू?" तुला सांगते, हसावं की त्यांना मिठी मारावी कळेना. दोन्ही केलं. मग दुसरी वडी स्वतः कागद सोडून, ओली करून, त्यांच्या साबणदाणीत ठेवून आले. ओली केली म्हणजे आता कपाटात जाणार नाही. तू आलीस की शालू उघडून बघ, अजून वास असेल.

तुला आपली प्रयोगशाळा आठवते ना? साबणाचं प्रॅक्टिकल होतं त्या दिवशी तू प्रत्येक बाटलीचं बूच काढून वास घेत फिरत होतीस, आणि सर मागे उभे आहेत हे सगळ्या वर्गाला दिसत होतं, तुला सोडून. त्या दिवशी आपण तेल आणि काष्टिक सोडा उकळला, त्यात मिठाचं पाणी ओतलं आणि वर साबणाचा पांढरा थर तरंगून आला. वहीत समीकरण लिहिलं, मार्क घेतले आणि विसरलो. मला मात्र ते वर तरंगून येणं विसरता आलं नाही. तेलकट डाग पाडणाऱ्या तेलातून डाग काढणारी वस्तू निघते, याचं मला तेव्हा जे नवल वाटलं तेच आजही वाटतं. दर वेळी वाटतं.

आता करते ती पद्धत थोडी वेगळी आहे. उकळत नाही. प्रत्येक तेलाला काष्टिक किती लागतं याचा पक्का हिशेब असतो. १०० ग्रॅम खोबरेलाला साधारण १८ ग्रॅम, एरंडेलाला १३ च्या आसपास. मी हिशेबापेक्षा पाच टक्के कमी घालते, म्हणजे थोडं तेल वडीत शिल्लक राहतं आणि अंग ओढल्यासारखं होत नाही. काष्टिक पाण्यात घालायचं, काष्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं भांडं आसपासही नको, काष्टिक ते खातं. डोळ्यांवर चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे, दाराला आतून कडी. मग तेल आणि काष्टिकचं पाणी एकत्र घुसळत राहायचं. हळूहळू घट्ट होतं, चमचा फिरवला की वर रेघ उमटून राहते. त्याला आम्ही 'ट्रेस आला' म्हणतो. लगेच साच्यात ओतायचं, गोधडीत गुंडाळून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी कापायचं. यात सुटलेलं ग्लिसरीन वडीतच राहतं. मोठ्या कारखान्यांत ते बहुधा वेगळं काढून विकतात. पुढचे चार ते सहा आठवडे वड्या नुसत्या फळीवर मुरत पडतात. पाणी उडतं, वडी कडक होते, मग ती न्हाणीत भराभर विरघळत नाही. हे सहा आठवडे घाई करता येत नाही. तुझ्यासारख्या घायकुत्या माणसाचं हे काम नव्हे, बाई.

कापलेल्या वड्या ताटात मांडल्या की हुबेहूब बर्फी दिसतात. शेजारच्या मोठीमाय, त्याच गं, आपल्याला चिंचा देणाऱ्या, आता चांगल्या थकल्यात. त्या दिवशी ओट्यावर येऊन बसल्या, ताटाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "माय वं, हाई खावानी शे, का आंगले लावानी?" मी 'अंगाला' म्हणेपर्यंत त्यांच्या नातवानं एक तुकडा उचलला होता. त्याच्या हातावर मी अशी झडप घातली की पोरगं दचकून रडायलाच लागलं. ताज्या वडीत काष्टिकचा जोर असतो ना. त्याचा हात धुतला, त्याला खरी बर्फी आणून दिली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आता तो रोज येऊन विचारतो, "आज साबण केला का?" साबण केला की बर्फी मिळते, असं त्याचं गणित बसलंय.

मोहाच्या तेलाबद्दल तुला सांगायचं राहिलं. मोह मार्च-एप्रिलात फुलतो, ती फुलं आपल्याला माहीत, त्यांचं पुढे काय होतं तेही माहीत! पण पावसाच्या तोंडावर त्याच झाडाची फळं पिकतात आणि त्यातल्या बियांतून तेल निघतं. थंडीत ते तुपाळ होऊन गोठतं. धडगाव, मोलगीकडच्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या खाण्यात आहे, दिव्यात आहे, भेगाळलेल्या टाचांना चोळण्यात आहे. साबणाला ते फार गुणी. वडी टणक होते, अंगाला मऊ लागते. फेस मात्र बेताचा, म्हणून खोबरेल आणि थोडं एरंडेल सोबतीला घालायचं.

मोलगीच्या बाजारातली एक मावशी मला हे तेल देते. पहिल्यांदा मी मोठा डबा पुढे केला तर तिनं अर्धाच भरला. म्हणाली, घरात भाजीला लागतं, उरेल ते तुला. मला ते इतकं पटलं की तोच माझा धंद्याचा नियम झाला. आधी त्यांच्या चुलीवर, मग माझ्या पातेल्यात. ज्या वर्षी मोह कमी लागतो त्या वर्षी मोहाचा साबण कमी निघतो. गिऱ्हाईक विचारतं, "आणखी का नाही?" मी सांगते, झाडाला विचारा. यात धंद्याचं नुकसान आहे असं आमच्या ह्यांना वाटतं. मला वाटतं, मावशीनं अर्धा डबा भरला म्हणूनच ती दर वर्षी भरते.

आणि रानातल्या तेलाचा साबण करणं हे काही माझंच खूळ नाही. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तिथे घाण्यापासून कागदापर्यंत सगळ्या हातउद्योगांचा विचार केला. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगानं रानातल्या अखाद्य तेलांचा साबण हा एक स्वतंत्र उद्योगच मानला. कडुनिंब, करंज, आणि त्यांच्या हिशेबी मोहही. गावाच्या रानातलं तेल, गावात साबण. नंतर रंगीत वेष्टनं आली आणि ते सगळं मागे पडलं.

आता खरी गोष्ट ऐक. हीच सांगायची होती, इतका वेळ कशीबशी धरून ठेवली होती.

तू एकदा नाताळात मला तिकडचा एक साबण पाठवला होतास, आठवतं? फ्रेंच वेष्टनातला. वास घेतला आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. गुलाबाचा होता, पण गुलाबाच्या खाली आणखी एक वास होता आणि तो मला लहानपणापासून ओळखीचा होता. मामाच्या गावाला, तळोद्याच्या पुढे, दसऱ्याच्या सुमारास डोंगराच्या उतारावरून चाललं की पायाखाली गवत चुरडायचं आणि जो वास उठायचा, तो. तिखाडी! रोशा गवत. आजी त्याच्या काड्या चहात टाकायची. वेष्टनावर बारीक अक्षरांत शोधलं, घटक होता जिरॅनिऑल. रोशाच्या तेलात तोच तर बहुतांशी भरलेला असतो, पाऊण हिस्सा किंवा जास्तच.

मग मी वाचत सुटले. तुला सांगते, रात्र रात्र वाचलं. एकोणिसाव्या शतकातल्या औषधी आणि सुगंधी तेलांच्या ग्रंथांत आपल्या खानदेशाचं नाव ठळक येतं. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांत रोशाच्या भट्ट्या लागायच्या. गवत फुलावर आलं की कापायचं, हंड्यात दाबून भरायचं, खाली आग, वाफ नळीतून थंड पाण्याच्या भांड्यात, आणि पाण्यावर तरंगतं ते तेल. शंभर किलो ओल्या गवतातून जेमतेम अर्धा किलो. ते तेल मुंबईला जायचं, तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांवर, तिथून इस्तंबूलला. तिथे आणि पुढे बल्गेरियात ते गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे! युरोपच्या बाजारात त्याला लोक 'टर्किश जिरॅनियम' म्हणायचे. सातपुड्याच्या उतारावरचं आपलं गवत तुर्कांच्या नावानं जग हिंडलं आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे. साबण दुकानात मिळतो, खरं आहे. पण जरा आपल्या जिल्ह्याकडे बघ. धडगावच्या बायका उन्हाळाभर कैऱ्या चिरून वाळवतात, आमचूर पोत्यांत भरून व्यापाऱ्याकडे जातं. मोहाची फुलं जातात. चारोळी जाते, मध जातो, रोशाचं तेल तर एकोणिसाव्या शतकातच जात होतं. इथून सगळं कच्चं जातं आणि परत येतं ते वेष्टनात, भाव चढून. मधली जी शेवटची पायरी आहे, कुटायची, घुसळायची, मुरवायची, कागद गुंडाळायची, त्या पायरीवरच खरी कमाई असते, आणि ती पायरी कायम दुसऱ्याच्या घरात. मिरचीचं आपण काही प्रमाणात शिकलो, पथारीवर वाळवून इथेच तिखट कुटायला लागलो. तसं बाकीच्याचंही व्हावं, निदान माझ्या एका खोलीपुरतं तरी, म्हणून हा जीव काढणं. आता सांग, जिंकले की नाही?

तिखाडीचं तेल आता एका शेतकऱ्याकडून घेते. बांधावर आणि पडीक तुकड्यात लावलंय त्यानं, भट्टीही स्वतःची. भट्टीच्या दिवशी मी मुद्दाम गेले. तेलाचे पहिले थेंब पाण्यावर आले तेव्हा त्या माणसानं बोट बुडवून माझ्या मनगटाला लावलं आणि काही न बोलता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तू असतीस तर हंड्यातच डोकं घातलं असतंस.

कागदपत्रांचं तू विचारलं होतंस. उद्यम नोंदणी मोबाइलवर फुकट झाली, त्यात काही नवल नाही. पण अंगाचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात मोडतो, त्यामुळे तो विक्रीसाठी बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. हे पुष्कळ बायकांना ठाऊकच नसतं गं. चांगला साबण करतात आणि घाबरत घाबरत ओळखीत विकतात. मी ठरवलं होतं, परवान्याशिवाय एक वडी बाहेर जाणार नाही. तोवर सगळा साबण घरात, माहेरी आणि काकूंच्या कपाटात! वेगळी खोली, फरशी, पाण्याचा निचरा, नोंदीच्या वह्या, सगळं केलं. आणि गंमत ऐक. तांत्रिक कामाला जाणकार माणूस हवा अशी अट असते, आणि त्यात केमिस्ट्री शिकलेलं माणूस चालतं. मी कपाटातून पदवीचं प्रमाणपत्र काढलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं हे नुसतं डांबराच्या गोळ्यांत होतं होय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः नेऊन ते चौकटीत बसवून आणलं. आता साबणाच्या खोलीत भिंतीवर आहे. तुझं कुठे आहे?

मेणबत्त्यांचं प्रकरण वेगळंच. आपल्या मेच्या उन्हात पारा त्रेचाळीसच्या वर चढला की मेणबत्त्या फळीवर उभ्या उभ्या माना टाकतात. मेण वितळायला ५८-६० अंश लागतात हे खरं, पण वाकायला त्याच्या बऱ्याच आधीची ऊब पुरते. म्हणून उन्हाळा साबणाचा, कोरड्या हवेत वड्या छान मुरतात. पावसाळ्यात ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वडीला घाम सुटतो, तेव्हा काम कमी. आणि दसऱ्यापासून माघापर्यंत मेणबत्त्या. माझं पंचांग हे असं आहे.

तुमच्याकडे मेणबत्ती म्हणजे मोगरा, व्हॅनिला, दालचिनी. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो म्हणतेस, तेव्हा ते समजतं मला. माझ्याकडे सुगंधी मेणबत्त्या पुण्या-नाशिकच्या ऑर्डरीला जातात. पण इथे जास्त मागणी कशाला, माहीत आहे? साध्या पांढऱ्या, उंच, सरळ जळणाऱ्या मेणबत्तीला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी लावायला. मग नाताळाला, नवापूर, चिंचपाड्याकडच्या चर्चसाठी. बुद्धपौर्णिमेला पुन्हा. या मेणबत्तीला वास नको, रंग नको. ती वाऱ्यात तग धरून जळली पाहिजे आणि हातावर ओघळली नाही पाहिजे. मेणात थोडं स्टिअरिक ॲसिड घातलं की ती टणक होते, ओघळ कमी होतो. वात सुताची, जाडी मेणबत्तीच्या रुंदीप्रमाणे. तुला सांगते, महागड्या सुगंधी मेणबत्तीपेक्षा या पांढऱ्या मेणबत्तीला मी जास्त जपते. घेणारा ती मनातलं काहीतरी घेऊन लावणार असतो. ती मध्येच विझली तर ते मला सहन होणार नाही.

मेण सुरतेहून येतं. मागच्या आठवड्यात त्याच कामासाठी जाताना गाडी नवापूरला थांबली आणि खिडकीतून आपलं बाकडं दिसलं! अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तू गुजरातेत बसून समोसा खायचीस आणि चटणी महाराष्ट्रातून मागायचीस. एक कॉलेजची मुलगी आणि तिचे वडील आता तिथे बसून फोटो काढत होते. मी खिडकीतून त्यांना हात केला. मी का केला असेल याचा विचार करत त्यांनीही परत हात केला.

थोडं मेण मधाच्या पोळ्यांचंही मिळतं, तोरणमाळच्या बाजूनं. मध पिळून झाला की पोळ्याचा चोथा टाकूनच द्यायचे. मी तो विकत मागितला तेव्हा मध काढणाऱ्या काकांना वाटलं, मी मस्करी करते. गाळून शुद्ध केल्यावर त्याचा पिवळा तुकडा त्यांना दाखवला, तर त्यांनी तो बायकोला दाखवायला म्हणून मागून घेतला. पुढच्या खेपेला चोथा स्वच्छ फडक्यात बांधून आला.

मेणबत्त्या करताना मला महाबळेश्वरच्या भावेश भाटियांची फार आठवण येते. भेटले नाही कधी, नुसतं वाचलंय, ऐकलंय. ऐन तरुणपणी दृष्टी गेली, मुंबईत अंधांच्या संस्थेत मेणबत्ती करायला शिकले, आणि महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर विकायला उभे राहिले. पत्नी नीताताईंची साथ मिळाली. त्यातून 'सनराइज कँडल्स' उभी राहिली आणि आज तिथे कितीतरी अंध माणसं काम करतात, मानानं कमावतात. डोळ्यांनी न बघता, बोटांच्या आधारानं मेणबत्त्या घडवणारी माणसं! एकदा मी डोळे मिटून साच्याला हात लावून बघितला. मेण कडेनं आवळायला लागतं ते बोटांना खरंच आधी कळतं. त्या दिवसापासून मी माझ्या मुलींनाही हेच शिकवते.

माझ्या मुली म्हणजे गल्लीतल्या दोघी, आता रोज येतात कामाला. एक बारावी झालेली, दुसरी दोन लेकरांची आई. त्या आईनं पहिल्या पगारातून काय घेतलं असेल? स्वतःच्या नावाचं बँकेचं पासबुक. ते पिशवीत घालून कामावर घेऊन यायची, चार दिवस. कुणी विचारलं नाही तरी दाखवायची. आणि बारावीवालीचं नाक तुझ्यासारखं आहे. तेल भेसळीचं असलं तर बूच काढताच सांगते. फक्त मिरचीचा हंगाम सुरू झाला की बिचारीचे हाल. पथाऱ्यांवरून वारा आला की शिंकांवर शिंका, आणि त्या काळात आम्ही खिडक्या घट्ट बंद करून काम करतो, कारण साबण वास पटकन धरतो. पुण्याच्या एका बाईनं पत्ता वाचून फोन केला होता, "नंदुरबारचा आहे म्हणजे झोंबणार तर नाही ना?" मी म्हटलं, झोंबलाच तर पैसे परत. नाही झोंबला. आता तिच्या सगळ्या सोसायटीत जातो.

सारंगखेड्याच्या यात्रेची गोष्ट सांगू का? मागच्या दत्तजयंतीला स्टॉल लावला होता. घोड्यांचा बाजार, हजारोंची गर्दी, ढोल, धूळ, आणि त्यात मी मोहाचा साबण घेऊन. संध्याकाळी एक उंचापुरा फेटेवाला माणूस आला, पंजाबचा असावा. एकेक वडी उचलून हुंगली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "घोडी के लिए कौन सा अच्छा रहेगा?" मी खरं ते सांगितलं, हा माणसांचा साबण आहे, घोड्याच्या कातडीला चालेल याची हमी देत नाही. तो विचारात पडला. मग म्हणाला, घोडी विकायला आणलीय, मालकाच्या अंगाला चांगला वास असला तर गिऱ्हाईक जवळ तरी येईल. असं म्हणून स्वतःसाठी तिखाडीच्या वड्या घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, केस विंचरून, हसत हसत सांगायला आला, घोडी विकली गेली! श्रेय त्यानं साबणाला दिलं. मी घेतलं.

आता मुख्य काम, आणि हे तुझ्यावर सोपवतेय, नाही म्हणायची सोय नाही. इथे कुणीतरी मला सल्ला दिला की नंदुरबार नाव लेबलवर बारीक टाक, वर एखादं झकपक परदेशी नाव घे, माल जास्त खपेल. मी ऐकून घेतलं आणि छापखान्यात जाऊन उलटं केलं. या वर्षीपासून प्रत्येक वडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, साबण नंदुरबारचा, मोहाचं तेल मोलगीचं, तिखाडी तळोद्याची. तो वास एकदा दुसऱ्याच्या नावानं जगभर गेला, पुन्हा तसा जाऊ द्यायचा नाही.

तू म्हणाली होतीस, तिकडच्या मराठी मंडळातल्या बायकांना दाखवीन. दाखव, वापरायला दे. पण विकायचं झालं तर तिथले नियम पाळूनच. मी शोधून ठेवलंय. कॅनडात साबण विकायला काढला की दहा दिवसांच्या आत त्यांच्या आरोग्य खात्याला कळवावं लागतं, आणि लेबल इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही हवं. तू पाच वर्षं त्या फ्रेंचच्या क्लासला जातेस, घरी कुणी ऐकून घेत नाही म्हणून तक्रार करतेस. घे, आता काम मिळालं. सोबतच्या कागदावर लेबलचा मराठी मजकूर आहे, त्याचं फ्रेंच करून पाठव. सगळं भाषांतर कर, गावांची नावं मात्र आहेत तशीच ठेव आणि अक्षरं लहान करू नकोस. पुढच्या महिन्याच्या आत हवंय, नाहीतर मीही रुसू शकते, विसरू नकोस.

तुझीच

ता. क. पार्सलमध्ये चार वड्या आहेत. वापरायच्या आहेत. तुझ्या आईची लेक आहेस म्हणून मुद्दाम लिहितेय: कपाटात ठेवायच्या नाहीत.